नऊ महिन्यांची लस, आठव्या दिवशी ताप आणि आता अंगावर पुरळ – लसीनेच गोवर झाला का?

सईची_आई

नमस्कार मंडळी, जरा घाबरून लिहितेय त्यामुळे विस्कळीत झालं तर समजून घ्या. लेक साडेनऊ महिन्यांची आहे. मागच्या मंगळवारी उपकेंद्रात नेऊन नऊ महिन्यांच्या लसी दिल्या, दोन्ही दंडांवर एकेक आणि मांडीत एक, शिवाय चमच्याने व्हिटॅमिन ए पाजलं. त्या रात्री थोडी किरकिर, अंग कोमट, दुसऱ्या दिवशी एकदम ठणठणीत. मी म्हटलं सुटलो. आणि मग कालपरवा, म्हणजे बुधवारी रात्री, बरोब्बर आठव्या दिवशी, अचानक १०२ ताप! सर्दी नाही खोकला नाही दात पण नाही येत आहेत. आज कानामागे आणि गालावर बारीक लाल पुरळ दिसतंय, आता छातीवर पण आलंय.

सासूबाई बघताक्षणी म्हणाल्या गोवर निघालाय, आणि दाराला कडुनिंबाचा डहाळा लावून मोकळ्या झाल्या. मला आठवलं की सिस्टर "गोवर-रुबेलाची लस" म्हणाल्या होत्या. मग मी नेटवर वाचलं की त्या लसीत जिवंत विषाणू असतो. म्हणजे आपणच पैसे न देता रांगेत उभं राहून पोरीला गोवर टोचून आणला की काय?? आणि आठ दिवस तो काय करत होता, आठ दिवसांनी कसा ताप येतो, लसीचा ताप तर त्याच रात्री येतो ना?

दुसरी काळजी मोठी आहे. वन्संना सातवा महिना संपतोय, डोहाळजेवण झालं की पुढच्या आठवड्यात बाळंतपणाला इकडेच येणार आहेत. सईकडून त्यांना काही लागेल का? रुबेला गरोदरपणात वाईट असतो एवढं मला माहितीय. त्यांना येऊ नका म्हणू का? कसं सांगू हेही एक आहेच.

मोदकप्रिय

आमच्या दोन्ही पोरांना हेच झालेलं, मोठ्याला नवव्या दिवशी आणि धाकटीला काहीच नाही. दोन दिवसांत उतरला. आमच्या बालरोगतज्ज्ञांनी लस देतानाच सांगितलं होतं की पुढच्या आठवड्यात ताप आला तर फोन करा पण दचकू नका, त्यामुळे आम्ही निवांत होतो. तुम्हाला कोणी सांगितलं नाही हा खरा प्रॉब्लेम आहे. पण प्लीज एकदा डॉक्टरला दाखवाच, इथे कोणी तुमच्या मुलीला बघितलेलं नाहीये.

कृष्णाकाठ

अहो वहिनी घाबरू नका, ही नुरा कुस्ती असते. व्हायरस आधीच ठरवून पडायला आलेला असतो, शरीर जिंकल्यासारखं करतं, हलगी वाजते, पुढच्या खऱ्या कुस्तीला पैलवान तयार 😄

पेट्रीडिश

कृष्णाकाठ, उपमा आवडली पण तेवढी एक गोष्ट चुकली, आणि सईच्या आईच्या प्रश्नाचं उत्तर नेमकं त्या चुकीत आहे म्हणून लांबलचक लिहिते. (मी डॉक्टर नाही, बरीच वर्षं व्हायरसच्या लॅबमध्ये घालवली आहेत. औषधपाण्याचं डॉक्टरांनाच विचारा.)

नुरा कुस्ती म्हणजे खोटी कुस्ती. इथे कुस्ती खरी असते, फक्त जोड हलका लावलेला असतो. समोरचा पैलवान जिवंत आहे, डाव टाकतो, वाढायचा प्रयत्न करतो, पण तो कमजोर आहे. खोटी कुस्ती असती तर आठव्या दिवशी ताप आलाच नसता.

सईला त्या दिवशी तीन सुया टोचल्या ना, त्या तिन्ही वेगळ्या जातीच्या लसी आहेत, आणि योगायोगाने तुमच्या घरातच प्रयोग झालाय. मांडीतली न्यूमोकोकलची, ज्याला सगळे न्युमोनियाची लस म्हणतात, तिच्यात जंतू नसतोच, त्याच्या कवचातल्या साखरेचे तुकडे प्रोटीनला जोडलेले असतात. डाव्या दंडावरची पोलिओची, तिच्यात विषाणू असतो पण मारलेला. आणि उजव्या दंडावरची गोवर-रुबेला, ती जिवंत. पहिल्या दोन्हींमध्ये जे काही परकं आहे ते सगळं सुई गेली त्या क्षणालाच शरीरात हजर, वाढणार काहीच नाही, त्यामुळे शरीर काय गोंधळ घालायचा तो त्याच रात्री घालतं आणि सकाळी विसरतं. ती मंगळवारची किरकिर ती. गोवराच्या लसीचं तसं नाही. अर्धा मिलीमध्ये विषाणूंची मात्रा साधारण हजाराच्या घरातली, शरीराच्या मानाने चिमूटभर पण नाही. एवढ्याशा गोष्टीला कोणी ताप काढत नाही. ते आधी पेशींत शिरतात, एकाचे अनेक होतात, त्याला दिवस लागतात. तुम्ही विचारलंत आठ दिवस काय करत होता, तर हे करत होता.

थोडं आत जाऊन सांगते. दंडात कातडीखाली पहारा देणाऱ्या पेशी असतात, डेंड्रायटिक पेशी म्हणतात, त्यांना फांद्या असतात म्हणून. विषाणू त्यांच्यात शिरतो. पेशीच्या आत काही सेन्सर असतात, त्यांना विषाणूच्या आरएनएची ठेवण आपली नाही हे कळतं आणि पेशी इंटरफेरॉन सोडायला लागते. इंटरफेरॉन म्हणजे शेजारच्या पेशींना निरोप, की कड्या लावून घ्या. इथे खऱ्या गोवरात आणि लसीच्या विषाणूत मोठा फरक पडतो. रानटी गोवराकडे हा निरोपच दाबून टाकणारी प्रोटीन्स असतात, म्हणून तो सुरुवातीचे कितीतरी दिवस गुपचूप वाढतो आणि घरात कोणाला पत्ता नसतो. लसीच्या विषाणूला ते तितकंसं जमत नाही. बोंब लवकर होते.

मग ती डेंड्रायटिक पेशी विषाणूचे तुकडे अंगावर मिरवत जवळच्या लसिका गाठीत, काखेत वगैरे, जाते. पायाला काटा लागून पिकला की जांघेत अवधाण येतं ना, तीच ही गाठ. तिथे लाखो टी पेशी आणि बी पेशी (दोन्ही पांढऱ्या पेशींच्याच जाती, टी आजारी पेशी मारतात, बी अँटिबॉडी बनवतात) बसलेल्या असतात, प्रत्येकीची चावी वेगळी. गोवराच्या तुकड्याला बसणारी चावी त्यातल्या फार थोड्यांकडे, अगदी हाताच्या बोटांवर मोजण्याइतक्या म्हटलं तरी चालेल. ती सापडायची, मग ती दुभंगून दुभंगून हजारो लाखो व्हायची, याला आठवडा लागतोच, घाई करता येत नाही. तोपर्यंत विषाणू थोडाफार रक्तात उतरून इकडेतिकडे पोचलेला असतो. आणि साधारण सातव्या ते बाराव्या दिवसात ही तयार फौज गाठींतून बाहेर पडते आणि जिथे जिथे विषाणू लपलाय त्या पेशी शोधून मारते. ताप तेव्हाचा. पुरळही तेव्हाचं, कातडीतल्या बारीक रक्तवाहिन्यांच्या आसपास ज्या पेशींत विषाणू होता तिथे टी पेशी पोचल्या की लाली येते.

म्हणजे पुरळ हे विषाणू जिंकत असल्याचं लक्षण नाही, उलटं आहे. याला एक जुना आणि जरा भयानक पुरावा आहे. ज्या मुलांमध्ये टी पेशी नीट काम करत नाहीत त्यांना खरा गोवर झाला तर बऱ्याचदा पुरळ येतच नाही, आणि तीच मुलं फुप्फुसात गोवर उतरून दगावतात. आणि ज्यांच्यात जन्मापासून अँटिबॉडीच बनत नाहीत पण टी पेशी ठीक आहेत अशी मुलं मात्र पुरळ येऊन बरी होत असत. म्हणजे चालू गोवर निपटायचं काम मुख्यतः टी पेशींचं. अँटिबॉडी पुढच्या वेळेला दारात अडवायला.

असा आठ-दहा दिवसांनी ताप शंभरातल्या ५ ते १५ मुलांना येतो, पुरळ साधारण ५ जणांना. सई त्यातली दिसतेय. एक-दोन दिवसांत उतरायला हवा. पण तीन-चार हजारात एखाद्या मुलाला या तापात झटका येऊ शकतो, तो बहुतेक वेळा आपोआप थांबतो आणि मागे काही ठेवत नाही, पण तापावर लक्ष ठेवा. पॅरासिटामॉल वजनाप्रमाणे, डॉक्टरांनी सांगितलं असेल तितकंच, आणि ॲस्पिरिन अजिबात नाही. दूध पीत नसेल, सुस्त पडली असेल, श्वास जोरात चालत असेल, झटका आला, किंवा ताप दोनतीन दिवसांत उतरला नाही तर इथे वाचत बसू नका, उचला आणि न्या.

वन्संबद्दल: येऊ द्या. लसीतला गोवर पोराकडून दुसऱ्याला लागल्याचं कधी दिसलेलं नाही. रुबेलाचा लसीतला विषाणू घशात थोडासा सापडतो पण जवळच्यांना त्याने लागण होत नाही, म्हणूनच घरात गरोदर बाई असली तरी मुलांची ही लस पुढे ढकलायची नसते असंच सगळीकडे सांगतात. गरोदर बाईने स्वतः ही लस घ्यायची नाही, तो वेगळा नियम आहे. उलट बघा, सईला लस झालीय म्हणून ती खरा रुबेला घरात आणणार नाही, वन्संना त्याचा फायदाच.

शंकासूर

वाचलं सगळं. भारी लिहिलंय पण मला एक कळत नाही. "कमजोर" म्हणजे नक्की काय? कोणी मोजलं? जिवंत आहे, वाढतोय, ताप काढतोय, पुरळ काढतोय, आणि तरी गोवर नाही असं म्हणायचं? आणि मग तो आत गेल्यावर परत पहिल्यासारखा दांडगा होणार नाही याची गॅरंटी काय? पोलिओच्या थेंबांबद्दल असं काहीतरी झालं होतं ना? आणि तिसरं, आमच्या लहानपणी वाड्यातल्या सगळ्या पोरांना गोवर झाला, सगळे जिवंत आहोत. नैसर्गिक इम्युनिटी जास्त पक्की असते म्हणतात, मग होऊ द्यावा की.

पेट्रीडिश

शंकासूर, नावाला जागलात. प्रश्न चांगले आहेत, शेवटचा सोडून.

कमजोर कसा केला. १९५४ साली बॉस्टनजवळच्या एका शाळेत गोवराची साथ आली, तिथल्या १३ वर्षांच्या एका मुलाच्या रक्तातून जॉन एन्डर्स आणि थॉमस पीबल्स यांनी विषाणू वेगळा केला. त्या मुलाच्या आडनावावरून आजही त्या वाणाला एडमन्स्टन म्हणतात. मग तो त्यांनी प्रयोगशाळेत आधी माणसाच्या पेशींवर, नंतर कोंबडीच्या अंड्यातल्या गर्भात आणि तिच्या पेशींवर वाढवला, एका भांड्यातून दुसऱ्यात, दुसऱ्यातून तिसऱ्यात, असं कितीतरी वेळा. तिथे जो कोंबडीच्या पेशीत चांगला वाढेल तोच टिकणार. असं करत करत त्याची माणसात वाढायची सवय मोडली. आपल्याकडे कोणी वीस वर्षं परदेशात राहून गावी आला की त्याला विहिरीचं पाणी बाधतं, तसंच थोडंफार. १९६३ मध्ये अमेरिकेत पहिली लस आली, पण तिला ताप बराच यायचा, मग आणखी सौम्य वाण काढले. आपल्या सरकारी लसीकरणातली पुण्याच्या सीरमची जी लस असते तिच्यात एडमन्स्टन-झाग्रेब वाण असतो, त्याच घराण्यातला.

फरक नुसता म्हणायला नाहीये, दिसतो. रानटी गोवर मुख्यतः पांढऱ्या पेशींवरच्या एका विशिष्ट कडीला धरून आत शिरतो, म्हणजे थेट प्रतिकारशक्तीच्याच पेशी खातो. लसीचा वाण त्या कडीशिवाय दुसरी एक कडीही धरायला शिकलाय, जी शरीरातल्या जवळपास प्रत्येक पेशीवर असते. त्यामुळे तो पांढऱ्या पेशींच्या मागे तसा हात धुऊन लागत नाही. शिवाय इंटरफेरॉनचं आधी लिहिलंच.

परत दांडगा होण्याचं: पोलिओच्या थेंबांबद्दल तुम्ही म्हणता ते खरं आहे आणि ते लपवण्यासारखं नाही. तो विषाणू आतड्यात वाढतो, शीतून बाहेर पडतो, आणि लसीकरण कमी असलेल्या वस्तीत एकाकडून दुसऱ्याकडे महिनोन्महिने फिरत राहिला तर बदलून पुन्हा त्रास देऊ शकतो. म्हणूनच २०१६ च्या एप्रिलमध्ये थेंबांतला टाईप २ काढून टाकला आणि सोबत मारलेल्या पोलिओची सुई आली, सईच्या डाव्या दंडावरची. गोवराच्या लसीचं तसं होत नाही कारण मुळात तो एकाच्या अंगातून दुसऱ्याच्या अंगात जातच नाही. फिरलाच नाही तर बदलणार कुठे? सगळ्या जिवंत लसी एका माळेचे मणी नाहीत.

आता तिसरं. "सगळे जिवंत आहोत" हे जे जिवंत आहेत तेच सांगतात हो. गोवंडीत २०२२ च्या ऑक्टोबर-नोव्हेंबरात गोवराच्या साथीत काय झालं ते आठवा, मुंबईत, हॉस्पिटलं हाकेच्या अंतरावर असताना लेकरं गेली. आणि नैसर्गिक गोवर पक्की इम्युनिटी देतो हे खरं, गोवराविरुद्ध. बाकीच्याची वाट लावतो. तो ज्या पांढऱ्या पेशी मारतो त्यांच्यात जुन्या आजारांच्या आठवणी सांभाळणाऱ्या पेशीही असतात. नेदरलँड्समध्ये लस न घेतलेल्या ७७ मुलांचं रक्त गोवराच्या आधी आणि नंतर तपासलं, ते २०१९ साली प्रसिद्ध झालं. गोवरानंतर त्यांच्या आधीच्या अँटिबॉडींपैकी ११ ते ७३ टक्के पुसल्या गेल्या होत्या. म्हणजे पोराने दोन वर्षं सर्दी-न्युमोनिया-जुलाब सोसून जे कमावलं ते एका गोवरात गेलं. जुनी माणसं म्हणायची ना, गोवर झाल्यापासून पोर सारखं आजारी पडतंय, अंगच धरत नाही. ते निरीक्षण अगदी बरोबर होतं. लस घेतलेल्यांमध्ये असं पुसलं जाताना दिसलं नाही.

कृष्णाकाठ

म्हणजे जोड हलका लावला की कुस्ती पण शिकतो आणि मागचे डाव पण विसरत नाही. वस्ताद मान गये 🙏

निवृत्त_सिस्टर

मी तीस वर्षं उपकेंद्रात लसी टोचल्या, आता घरी बसून तुमचं वाचते. पेट्रीडिशताईंनी आतलं सांगितलं, मी बाहेरचं सांगते, कारण लस जिवंत आहे म्हणूनच आमचे नखरे असायचे आणि आया वैतागायच्या.

ही लस कोरड्या पावडरीत येते, सोबत पाण्याची बाटली वेगळी. कालवली की चार तासांत संपवायची, उरली तर फेकायची, मग एकच पोर आलं असलं तरी. लोकं म्हणायची सिस्टर वाया कशाला घालवता, संध्याकाळी आमच्या जावेचं पोर आणते. नाही म्हणजे नाही. एक तर त्यात जंतू मारणारं औषध घातलेलं नसतं, ते घातलं तर लसीतला विषाणूच मरेल. मग उघडी बाटली ठेवली की बाहेरचे जंतू त्यात वाढतात, आणि ती टोचली तर पोराच्या जिवावर बेतू शकतं. दुसरं म्हणजे ऊन आणि उष्णता, कालवलेली लस उन्हात राहिली की विषाणू मरतो, मग टोचून काय उपयोग, पाणी टोचल्यासारखंच. तुम्हाला वाटणार लस झाली आणि पोर मात्र उघडंच.

स्पिरिटचा बोळा लावला तर वाळू देऊन मगच सुई मारायची, तेही याच्यासाठीच. आणि टोचल्यावर अर्धा तास बसायला लावायचो ते ॲलर्जीसाठी, त्याचा या आठव्या दिवसाच्या तापाशी संबंध नाही. आठव्या दिवसाच्या तापाचं सांगायचं असतंच, पण रांगेत चाळीस पोरं आणि सगळी एकसाथ रडत असली की आमच्यातल्याही काहीजणी विसरतात, ते चूकच आहे.

सईच्या आई, कडुनिंबाचा पाला दाराला राहू दे, नुकसान नाही. पण लेकराला अंघोळ घालायची नाही, दूध तोडायचं, अंधारात ठेवायचं, असलं काही करू देऊ नका. मी गोवरात हे फार पाहिलंय.

दुर्बीण

मधेच एक शंका काढते. हे जे पुरळ आहे ते लसीचंच हे कसं कळणार? समजा लस द्यायच्या आधीच खरा गोवर कुठूनतरी लागला असेल तर? गोवराला पण दहा-बारा दिवस लागतातच ना दिसायला.

पेट्रीडिश

दुर्बीण, हा प्रश्न साथीच्या भागात खरोखर पडतो. रक्तातली आयजीएम टेस्ट, म्हणजे नव्याने बनलेल्या अँटिबॉडी बघणारी, इथे उपयोगी नाही, ती लसीनेही पॉझिटिव्ह येणार आणि गोवरानेही. घशातल्या स्वॅबमधून विषाणूचा जीनोटाइप, म्हणजे जनुकांवरून ठरणारी पोटजात, काढावा लागतो. लसीचे सगळे वाण जीनोटाइप ए चे, आणि जगात आता तो रानटी स्वरूपात फिरत नाही. आपल्याकडे खऱ्या गोवरात बहुतेक डी८ सापडतो. पुण्याच्या एनआयव्हीसारख्या (राष्ट्रीय विषाणू संस्था) ठिकाणी हे होतं. घरच्या घरी ओळखायचं तर खऱ्या गोवरात पोर फार आजारी दिसतं, डोळे लाल, नाक वाहतं, कोरडा खोकला, ताप चढत चढत जातो आणि मग पुरळ. सईला सर्दी-खोकला नाही असं आईने लिहिलंय, आसपास साथ आहे का ते मात्र तिने बघावं, आणि असेल तर डॉक्टरांना आवर्जून सांगावं.

मोदकप्रिय

आमच्याकडे प्रायव्हेटमध्ये पंधराव्या महिन्यात परत दिली. म्हणजे पहिली पुरेशी नव्हती का? बूस्टर म्हणजे इम्युनिटी कमी होते म्हणून देतात ना?

पेट्रीडिश

हा गैरसमज सगळ्यांचाच असतो, माझ्या एमएस्सीच्या मुलांचाही असायचा. धनुर्वाताचं ते खरं आहे, तिथे अँटिबॉडी हळूहळू उतरतात म्हणून परत द्यावं लागतं. गोवराचा दुसरा डोस त्यासाठी नाही. पहिल्या डोसात ज्यांची कुस्तीच लागली नाही, त्यांच्यासाठी आहे तो.

कुस्ती लागत का नाही? आईमुळे. आईला गोवर होऊन गेला असेल किंवा तिने लस घेतली असेल तर तिच्या अँटिबॉडी वारेतून पोटातच बाळाला मिळतात आणि जन्मानंतर काही महिने रक्तात फिरत असतात. लसीचा विषाणू आत आला की त्या त्याला धरून गप्प करतात. वाढूच दिलं नाही तर बाळाचं स्वतःचं शरीर शिकणार काय? आईने पदराखाली घेतलेलं पोर, त्याला तालमीत कोण उतरवणार. मारलेल्या लसीला हा त्रास होतो पण कमी, जिवंत लसीला जास्त, कारण तिचं सगळं भांडवल वाढण्यात आहे. नऊ महिन्यांना दिली तर शंभरातल्या साधारण ८५ मुलांना लागू पडते, वर्षाला दिली तर ९५ ला. मग वर्षालाच का देत नाही? आपल्याकडे गोवर वर्षभर थांबत नाही म्हणून. नऊ महिने हा तह आहे. आणि जे पंधरा सुटले त्यांना पकडायला दुसरा डोस, सरकारी वेळापत्रकात १६ ते २४ महिन्यांच्या मध्ये.

एकदा लागू पडली की मग काय होतं ते मला स्वतःला अजून गंमतीचं वाटतं. पुरळ गेलं, ताप गेला, घरचे विसरले, पण लसिका गाठीत बी पेशींची शाळा पुढे कित्येक आठवडे भरलेली असते. तिथे बी पेशी आपल्या अँटिबॉडीच्या जनुकात मुद्दाम चुका करतात, कोणाची चूक विषाणूला घट्ट बसते ते तपासलं जातं, जिची बसली ती पुढच्या वर्गात, बाकीच्या मरतात. पास झालेल्यांपैकी काही अस्थिमज्जेत जाऊन ठाण मांडतात आणि अँटिबॉडी बनवत राहतात, वर्षानुवर्षं.

किती वर्षं? याचं माझं आवडतं उदाहरण लसीच्या आधीचं आहे. १८४६ मध्ये फॅरो बेटांवर, म्हणजे तिकडे उत्तर अटलांटिकमध्ये, गोवराची साथ आली. सुमारे ७८०० वस्तीतले ६००० च्या वर आजारी पडले. पीटर पानूम नावाचा तरुण डॅनिश डॉक्टर तिथे गेला आणि त्याला दिसलं की म्हातारी माणसं आजारी पडत नाहीयेत, तीही सगळी नाही, ज्यांना १७८१ च्या साथीत लहानपणी गोवर झाला होता तेवढीच. मधली ६५ वर्षं बेटावर गोवर नव्हता! म्हणजे शरीराला कोणी आठवण करून द्यायला नसताना ती पासष्ट वर्षं टिकली. लसीचा विषाणू खऱ्यासारखा वाढतो म्हणून तो हीच यंत्रणा चालू करतो. आणि १९५४ च्या त्या एका पोराच्या विषाणूवर बनलेली लस आज सईला चालते, कारण गोवर फ्लूसारखा दरवर्षी कपडे बदलत नाही, ज्या भागाला अँटिबॉडी धरतात तो बदलला तर त्याला पेशीत शिरताच येत नाही.

शंकासूर

बरं, शेवटची शंका. माझ्या भाच्याला किडनीच्या त्रासासाठी स्टिरॉइडच्या गोळ्या चालू आहेत. त्याला द्यायची का ही लस? हलका जोड म्हणताय म्हणून विचारतो.

पेट्रीडिश

इथे मात्र थांबा, हे त्याच्या डॉक्टरांना विचारल्याशिवाय अजिबात नाही. जोड हलका आहे तो धडधाकट पैलवानासाठी. जास्त डोसचं स्टिरॉइड, केमोथेरपी, जन्मजात टी पेशींचा दोष, यांच्यात तोच हलका जोड जड जाऊ शकतो, म्हणून जिवंत लस थांबवतात आणि औषध बंद झाल्यावर ठरावीक काळाने देतात. अशा मुलांचं रक्षण घरातल्या बाकीच्यांनी लस घेऊन करायचं असतं, म्हणजे तुम्ही सगळे.

आणि कोणाला नुकतंच रक्त किंवा इम्युनोग्लोबुलिन दिलं असेल तर तेही लस देणाऱ्याला सांगा. त्यातून दुसऱ्याच्या अँटिबॉडी येतात, मग वरचा आईच्या पदराचाच प्रकार, लस फुकट जाते. काही महिने थांबावं लागतं.

निवृत्त_सिस्टर

आणि प्रायव्हेटमध्ये कांजिण्यांची लस घेणारे, तीही जिवंतच. गोवराच्या लसीबरोबर एकाच दिवशी चालते, नाहीतर मध्ये चार आठवडे सोडायचे. पहिलीमुळे शरीर जे कड्या लावून बसतं त्यात दुसरी आत शिरतच नाही.

सईची_आई

सगळ्यांचे खूप आभार, उत्तर द्यायला उशीर झाला. शनिवारी सकाळी डॉक्टरांना दाखवलं, त्यांनीही लसीचंच आहे म्हणून सांगितलं, आसपास गोवराची केस नाहीये असंही म्हणाले. शनिवारी रात्रीपासून ताप नाही. पुरळ आज सोमवारी जवळजवळ गेलंय, गालावर थोडं खरखरीत लागतं तेवढंच. मॅडम सकाळपासून डबे पाडतायत.

सासूबाईंना मी पदराखालचं पोर आणि तालीम असं सगळं समजावलं. त्या म्हणाल्या म्हणजे गोवरच निघाला की, मी काय वेगळं सांगत होते, फक्त बारका निघाला. आता यावर काय बोलणार, तसं बघितलं तर बरोबरच आहे. डहाळा अजून दाराला आहे, वाळलाय.

वन्सं गुरुवारी येतायत.

निवृत्त_सिस्टर

छान झालं. कार्डावर दुसऱ्या डोसची तारीख लिहून दिलीय का बघा, नसेल तर आशाताईंकडून आत्ताच लिहून घ्या. बाळंतपणाच्या गडबडीत सोळावा महिना कधी येऊन गेला कळायचं नाही. आणि वन्संच्या बाळाचं कार्डही त्याच पिशवीत ठेवा.